पडद्यावरचा मुसलमान शेजारी

हिंदी चित्रपटाने मुसलमान दाखवला तो नवाब, कव्वाल, रहीमचाचा नाहीतर टोळीतला दादा म्हणून. पुढे अतिरेकी म्हणून. आपल्या गावात भिंतीला भिंत लागून राहणारा मुसलमान त्यात शोधावा लागतो. आजच्या पिढीने फारसे न पाहिलेल्या काही चित्रपटांत मात्र तो भेटतो.

मुळशी तालुक्यातील लवळे येथे आज विद्यापीठे उभी आहेत, तेथे माध्यमांचे शिक्षणही दिले जाते. याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. त्यानंतर १९४१ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने काढलेल्या ‘शेजारी’तही संकट धरणाच्या रूपानेच येते. ओंकार नावाच्या धनिकाला धरण बांधायचे आहे. गाव आड येते, म्हणून तो जिवबा आणि मिर्झा या जिवलग मित्रांत वितुष्ट पाडतो. म्हणजे दंगलीचे मूळ धर्मात नसून जमिनीच्या लोभात आहे, हे व्ही. शांतारामांनी लाहोर ठरावाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितले. हिंदी ‘पडोसी’त तर हिंदूची भूमिका मझहर खान यांना आणि मिर्झाची गजानन जागीरदारांना दिली. हे धाडसच होते. तरीही एक गोष्ट खटकते. फुटलेल्या धरणात दोघे एकत्र मरतात, तेव्हाच त्यांची मैत्री पुन्हा जुळते. मुसलमानाने आपले शेजारपण मरूनच का सिद्ध करावे?

सईद मिर्झा यांच्या ‘नसीम’मध्ये (१९९५) हा प्रश्न अधिक टोकदार होतो. कैफी आझमींनी साकारलेले आजोबा १९९२च्या मुंबईत अंथरुणाला खिळून आहेत. पाकिस्तानात का गेला नाहीत, असे मुलगा विचारतो, तेव्हा ते घरासमोरच्या झाडाची आठवण सांगतात. ते झाड आजीला आवडायचे. देशप्रेमाचे यापेक्षा साधे कारण पडद्यावर क्वचितच आले असेल. ६ डिसेंबरला आजोबा जातात.

मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (२००८) कोणालाच काही सिद्ध करायचे नाही. टिंग्याच्या शेजारी रशिदा राहते, तिची आजी आजारी आहे. म्हाताऱ्या आजीची शुश्रूषा होते, मग आपला जायबंदी बैल खाटकाला का, हा त्या पोराचा सवाल. बैल आणि खाटीक म्हटले की आपल्याकडे बोट कोणाकडे वळते, हे वाचकांना सांगायला नको. इथे मुसलमानाचे घर कथेत येते ते आजीच्या खाटेवरून. टिंग्याला रशिदाचा धर्म दिसत नाही, तिची आजी दिसते.

मला तिन्हींत ‘टिंग्या’ अधिक जवळचा वाटतो. मात्र त्यातही कथा टिंग्याची आहे, रशिदाची नाही. रशिदाच्या अंगणातून गाव कसे दिसते, हा चित्रपट अजून हवा आहे. लवळ्यासारख्या ठिकाणी कॅमेरा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो करावा, आणि त्याआधी हे तीन चित्रपट आवर्जून पाहावेत.