पाव, तळघर आणि आभाळ

युद्धावरील कादंबरी घरातील मुलांच्या हाती द्यावी की न द्यावी, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात. मार्कस झुसाक या ऑस्ट्रेलियन लेखकाची ‘द बुक थीफ’ (२००५) ही कादंबरी पुण्याच्या मेहता पब्लिशिंग हाऊसने मराठीत आणली असल्याने तो प्रश्न आता इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुरता राहिलेला नाही. नायिका चोरी करते, तिला सांभाळणारी आई शिवराळ आहे आणि कथा सांगतो तो साक्षात मृत्यू! तरीही ती मुलांना द्यावी, असे आमचे मत आहे. मात्र तिच्यातील प्रतीके उकलण्याची घाई करू नये.

१९३९ च्या जानेवारीत लीझल ही लहानगी आपल्या धाकट्या भावाला बर्फाळ मातीत पुरताना पाहते आणि तेथे पडलेले एक पुस्तक उचलते. पुस्तक आहे कबरी खणण्याच्या कामाविषयी, आणि लीझलला तर वाचताही येत नाही. पुस्तक म्हणजे ज्ञान, पुस्तक म्हणजे स्वातंत्र्य, असे समीक्षक म्हणोत. त्या मुलीपुरती ती भावाची अखेरची खूण आहे. झुसाक यांचे बळ येथेच दिसते. वस्तू आधी मुलाच्या उपयोगाची असते, अर्थ तिला मागाहून चिकटतो.

पुढे म्युनिकजवळच्या मोल्किंग या कल्पित गावी हान्स हा रंगारी व त्याची पत्नी रोझा तिचा सांभाळ करतात आणि तळघरात मॅक्स या ज्यू तरुणाला लपवतात. मॅक्सच्या वडिलांमुळे पहिल्या महायुद्धात हान्सचे प्राण वाचलेले असतात. मॅक्स येतो तो हिटलरचे आत्मचरित्र हाती धरून, कारण ते पुस्तक पाहिल्यावर त्याचा संशय कोण घेणार? पुढे त्याच पुस्तकाची पाने पांढऱ्या रंगाने माखून तो लीझलसाठी चित्रकथा लिहितो. पांढऱ्या रंगाखालून मूळची काळी अक्षरे डोकावत राहतात. द्वेष पुसला गेला, असे लेखक सांगत नाही. त्याच्यावरच दुसरे काही लिहिले गेले, एवढेच तो दाखवतो.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. परंतु त्याच युद्धात आपल्या जिल्ह्यातील पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबे स्थानबद्ध होती, आणि हिटलरच्या छळाने परागंदा झालेले ज्यूही त्यांच्यासोबतच होते. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, आणि बहुतेक आपल्याच कॅथलिक पंथाची. लीझलच्या वयाची मुले आपल्या अंगणापर्यंत येऊन गेली होती.

लीझल राहते त्या रस्त्याचे नाव ‘हिमेल’. या जर्मन शब्दाचा अर्थ स्वर्ग, आणि आभाळही. मराठीत हे दोन शब्द वेगळे असल्याने अनुवादात थोडे हरवतेच. तळघरातल्या मॅक्सला आभाळ दिसत नाही, म्हणून लीझल रोज बाहेरच्या हवेचे वर्णन त्याच्यासाठी खाली घेऊन जाते. पुढे आभाळातूनच बॉम्ब येतात आणि आभाळाच्या नावाचा तो रस्ता नाहीसा होतो. पुरेसे खोल नाही म्हणून अधिकाऱ्याने आश्रयस्थान ठरवण्यास नाकारलेल्या त्याच तळघरात त्या रात्री लीझल लिहीत बसलेली असते, म्हणून वाचते.

सर्वच प्रतीके अशी साधलेली नाहीत. प्रारंभी मृत्यू पांढरा, काळा व लाल हे तीन रंग मोजतो आणि त्यांतून नाझी ध्वज जुळवून दाखवतो. ही कारागिरी आम्हांला कृत्रिम वाटली. मृत्यू फार बोलतोही. वाचकाला जे उमगले असते, तेच तो पुन्हा समजावतो.

पावाचा प्रसंग मात्र याहून वेगळ्या तोलाचा आहे. डाखाउकडे हाकल्या जाणाऱ्या ज्यूंच्या रांगेतील एका वृद्धाला हान्स सर्वांदेखत पावाचा तुकडा देतो. वृद्ध गुडघे टेकून त्याच्या पायांना मिठी मारतो. आमच्या वाचकांना येथे मिस्सेतील भाकर आठवणे स्वाभाविक आहे. आम्हांलाही ती आठवली. पण लेखक तेथे विसावू देत नाही. चाबूक दोघांवरही पडतो. घराची झडती होईल या भीतीने मॅक्सला त्याच रात्री निघून जावे लागते. आणि झडतीला कोणी येतच नाही! ज्याला वाचवायचे तोच एका सत्कृत्यामुळे बेघर होतो, आणि हान्स स्वतःला दोष देत राहतो. या पावाला केवळ करुणेचे प्रतीक म्हटले की त्याची किंमत नजरेआड होते. मुलांबरोबर वाचताना याच पानांवर थांबावे, अशी आमची पालकांना सूचना आहे.

या प्रसंगाचे मूळ झुसाक यांच्या आईने सांगितलेल्या आठवणीत आहे. त्या आठवणीत पाव देणारा एक मुलगा होता. कादंबरीत ते कृत्य प्रथम प्रौढ हान्सकडे जाते, आणि नंतर मुलांकडे परतते. पुन्हा एकदा रांग येणार असते, तेव्हा लीझल व तिचा मित्र रूडी आधीच जाऊन रस्त्यावर शिळ्या पावाचे तुकडे पसरून ठेवतात आणि झाडांआड लपतात. हान्सचे काय झाले, ते दोघांनाही ठाऊक असते.