मेरीची खोली

किण्वादि द्रव्यांपासून मदशक्ति, तशी जड भूतांपासून चेतना, हा चार्वाकांचा दृष्टान्त आमच्या वाचकांस परिचित आहे. आधुनिक भौतिकवाद्यांचें म्हणणें याच घाटाचें आहे. त्याविरुद्ध ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक फ्रँक जॅक्सन यांनीं १९८२ सालीं 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या त्रैमासिकांत लिहिलेला निबंध आकारानें लहान आहे. पण त्यानें उठविलेला वाद अद्यापि शमलेला नाहीं.

निबंधकारांनीं एक कल्पित विदुषी उभी केली आहे. मेरी काळ्यापांढऱ्या खोलींत कोंडलेली आहे. प्रकाशलहरी, नेत्रपटल, मज्जातंतू, मेंदू यांविषयीं जें जें म्हणून भौतिक सत्य आहे, तें सर्व तिला अवगत आहे. एके दिवशीं दार उघडतें व तिच्या दृष्टीस खरा रंग पडतो. त्या क्षणीं तिला कांहीं नवें कळलें कीं नाहीं? कळलें असेल, तर तिच्या भौतिक ज्ञानाबाहेर कांहीं राहिलें होतें, असें कबूल करावें लागतें.

ही नुसती कविकल्पना नव्हे. नॉर्वेचे क्नूट नॉर्डबी हे जन्मतः पूर्ण रंगांध असूनहि दृष्टिशास्त्राचे अभ्यासक झाले. रंगांचें शास्त्र ते जाणत. तरी रंग म्हणजे काय, हें त्या ज्ञानानें आपणांस खरोखर उमगलें नाहीं, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. हा पुरावा अर्थात् निर्णायक नव्हे. कोणाचेंहि ज्ञान मेरीइतकें परिपूर्ण नसतें.

डेव्हिड लुईस प्रभृति टीकाकार म्हणतात कीं, मेरीस नवें सत्य कळत नाहीं. रंग ओळखण्याची व आठवण्याची हातोटी तेवढी साधते. हा आक्षेप चतुर आहे, पण आम्हांस पुरा पटत नाहीं. एखादी सूक्ष्म छटा पुढें ओळखतां येवो वा न येवो, ती समोर असतांना 'ही अशी आहे' अशी प्रतीति होतेच. तिला केवळ कौशल्य कसें म्हणावें?

निबंधाचें खरें वैगुण्य त्याच्या निष्कर्षांत आहे. अनुभवाचे हे गुण मेंदूंतून निपजतात, पण उलट मेंदूवर त्यांचा कांहींच परिणाम होत नाहीं, असें जॅक्सन म्हणतात. मग रंग पाहून मेरीच्या मुखांतून निघणारा आश्चर्योद्गारहि त्या अनुभवामुळें निघाला नाहीं, असें ठरतें! ज्या साक्षीदाराच्या बळावर खटला उभारला, त्याचेंच तोंड बंद केल्यासारखें हें झालें. पुढें जॅक्सन यांनीं स्वतःच हें मत सोडून भौतिकवादाचा पक्ष घेतला, त्यास ही अडचणहि कारण झाली.

परंतु कर्त्यानें पक्ष सोडला म्हणून प्रश्न सुटत नाहीं. वेदनेबरोबर मज्जातंतूंत कोणत्या क्रिया घडतात, हें शास्त्र अधिकाधिक सांगूं लागलें आहे. त्या क्रिया चालूं असतां दुखतें कां, याचें उत्तर त्यांत आलेलें नाहीं. यावरून देहावेगळा आत्मा सिद्ध झाला, असें मात्र कोणी समजूं नये. ज्ञानांतली फट ही वस्तूंतली फट असेलच असें नाहीं. पण तपासणींत कांहीं आढळलें नाहीं म्हणून रोग्याचें दुखणें खोटें, असें म्हणणाऱ्यांनीं हा निबंध अवश्य वाचावा. बाहेरून केलेलें वर्णन कितीहि पूर्ण असलें, तरी तें भोगणाऱ्याच्या साक्षीची जागा घेऊं शकत नाहीं, एवढें तरी मेरीची खोली खास शिकविते.