शीव, साखळी आणि अहवाल

दिवाळीच्या फराळाशेजारी सरकारी अहवाल मांडणे औचित्याला धरून नाही, हे मी जाणतो. परंतु महाजन आयोगाचा १९६७ चा सीमाविषयक अहवाल नुकताच पुन्हा वाचला, आणि तो मिटताना आठवली ती लहानपणी पाहिलेली आमच्या शेताची मोजणी.

मोजणीदाराने तेहतीस फुटांची साखळी प्रथम दोन्ही शेजाऱ्यांसमोर पसरली. एक साखळी औरसचौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे दोघांनी कबूल केल्यावरच तो बांधाकडे वळला. निकाल आमच्याविरुद्ध गेला. आजोबा चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. पण साखळी खोटी, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

राज्यांच्या सीमा आखणाऱ्या आमच्या अहवालांत मला उणीव भासते ती या साखळीचीच. फाजलअली आयोगाने १९५५ साली सामान्यतः जिल्हा हे माप धरले. १९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मात्र त्यातून चंदगड तालुका वगळला गेला. म्हणजे तेथे माप तालुक्याचे झाले. आंध्र-मद्रास वादात हरि विनायक पाटसकरांनी गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता ही सूत्रे धरली. त्यावरून १९५९ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून सीमा बदलली. महाराष्ट्राने तीच साखळी मागितली. महाजनांनी ती सरसकट लावण्याचे नाकारले; तरी याद्या केल्या त्या गावांच्याच. २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ म्हैसूरला, आणि बेळगाव शहर होते तेथेच! महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

माझा आक्षेप निकालाला नाही, रीतीला आहे. माप आधी सांगितले असते, तर हरलेल्यालाही मान खाली न घालता घरी जाता आले असते. पण हाच न्याय आपल्यालाही लागतो. महाजनांनी म्हैसूरला देऊ केलेल्या गावांत जत आणि अक्कलकोट भागांतली गावे आहेत. बेळगावात गावाची साखळी मागणाऱ्याने ती अक्कलकोटातही पसरू दिली पाहिजे. ती तयारी आहे काय, हा प्रश्न आपल्याकडील सीमाविषयक लेखनात मला क्वचितच भेटला.

वाचकहो, शीव कोठे पडली हे माणूस कालांतराने विसरतो. ती कशाने मोजली, हे मात्र नातवापर्यंत सांगत राहतो.