उर्दूतील नवे शब्द : ग्रंथ आणि रूढी

शब्दाचा भाषेतील अधिकार त्याच्या कुळावरून ठरवावा की वहिवाटीवरून? उर्दूपुरता या वादाचा निवाडा इन्शाअल्ला खां ‘इन्शा’ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ‘दर्या-ए-लताफत’ या ग्रंथात केला आहे. शब्द अरबी असो, फार्सी असो वा पंजाबी. उर्दूत रुळला की तो उर्दूचा झाला, आणि त्याची शुद्धाशुद्धता उर्दूच्या प्रघातानेच ठरावी, असे ते म्हणतात. हिंदू कायद्यात सिद्ध झालेली रूढी ग्रंथवचनाहून बलवत्तर, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली ठरविले. हा न्याय त्याच जातीचा आहे.

हैदराबादेत १९१७ साली स्थापन झालेल्या दारुल तर्जुमाने उस्मानिया विद्यापीठासाठी हजारो संज्ञा घडविल्या. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचे ते धैर्य आम्ही थोर मानतो. परंतु पुष्कळ संज्ञा अरबी टाकसाळीतल्या होत्या. ग्रंथात ‘मिक्यासुल हरारत’ आले, घरोघर थर्मामीटरच राहिला. १९४८ नंतर तेथील शिक्षणाचे माध्यम बदलले आणि अशा संज्ञांचा आधारच सुटला.

त्याच विद्यापीठातील वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज-ए-इस्तिलाहात’ (१९२१) मध्ये उर्दूच्या स्वतःच्या घडणीला मान देण्याचा आग्रह धरला होता. तो आम्हांस पटतो. ‘खरीदना’, ‘बदलना’ यांत मूळ परके, प्रत्यय देशी. इंग्रजी फिल्मचे ‘फिल्माना’ त्याच वाटेने झाले. मराठीच्या परिभाषाकारांनीही ही वाट अभ्यासावी.