सिंधुदुर्गाच्या बांधकामाची हकीकत : एक परीक्षण

सिंधुदुर्गाच्या बांधकामाची जी हकीकत स्थळवर्णनांतून व दुर्गविषयक पुस्तकांतून आढळते, तींत ५०० पाथरवट, २०० लोहार व ३००० मजूर खपल्याचें बहुधा सांगितलेलें असतें. ता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशीं पूजन झालें, हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखालीं कुरटे बेटावर काम चाललें व १६६७ त तें पुरें झालें, हें सर्वश्रुतच आहे. कारागिरांचे आंकडे मात्र एकानें दुसऱ्याचे उचललेले दिसतात. बखरीची परंपरा म्हणून ते टाकून देणें सोपें. अभिमानानें मान्य करणें त्याहूनही सोपें. धंद्याच्या कसोटीवर ते घासून पाहणें हा तिसरा मार्ग होय.

अडीच पाथरवटांमागें एक लोहार हें प्रमाण प्रथमदर्शनीं अतिशयोक्त वाटेल. परंतु टांकीचा स्वभाव जाणणारास तसें वाटणार नाहीं. कठीण दगडावर सुतकीचे ठोके बसूं लागले कीं टांकीचें तोंड बोथटतें. मग ती भट्टींत लाल करावयाची, ठोकून तोंड काढावयाचें व बेतानें पाणी द्यावयाचें. पाणी अधिक चढलें तर तोंड तुटतें, कमी पडलें तर दबतें. पहारींचीही हीच गत. शिवाय खिळे, कड्या व दरवाज्यांचें सामान निराळेंच. भाता थांबला कीं पाथरवटही थांबला.

उलटपक्षीं, जांभा खाणींतून निघतांना मऊ असतो, वारा लागल्यावर कठीण होतो. तो ताजा असतां तासण्यास हत्यार थोडें झिजतें. म्हणून सुमारें ३ किलोमीटर लांबीच्या तटांत जांभा किती व कठीण दगड किती, हें मोजल्यावांचून २०० हा आंकडा खरा वा खोटा ठरवितां येणार नाहीं. तो संभवनीय आहे, इतकेंच म्हणावें. संभव म्हणजे पुरावा नव्हे.

मूळ हत्यारें मिळण्याची आशा अल्प. झिजलेली टांकी पुनः भट्टींत जाऊन तिचा खिळा होई. कागदास जसें वाळवीचें भय, तसें लोखंडास भट्टीचें. पण टांकीचा घाव चिऱ्यावर राहतो. त्याची रुंदी, दिशा व अंतर यांवरून हत्यार ओळखतां येतें. गडावर महाराजांच्या हातापायांचे चुन्यांतील ठसे भक्तीनें जपले आहेत. पाथरवटाच्या हाताची खूणही तितक्याच काळजीनें जपणें अवश्य आहे.

२०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत मराठ्यांचे १२ किल्ले आले. त्यांत सिंधुदुर्ग आहे. याचा आनंद सर्वांसच आहे. तथापि डागडुजींत जुना चिरा काढण्यापूर्वीं अथवा त्यावर गिलावा चढविण्यापूर्वीं त्याचे मोजमाप व ठसे घेतले पाहिजेत. एकदां गेलेला घाव परत येत नाहीं. आणि दप्तरें जमविणाऱ्यांनीं बांधकामाच्या जमाखर्चांतील कोळसा, पोलाद, टांकी ही कलमें क्षुल्लक म्हणून गाळूं नयेत. राजपत्रांतून किल्ला कोणी बांधविला हें कळतें. तो कसा बांधला, हें कोळशाच्या कलमांतूनच कळण्याचा संभव आहे.