निर्णयस्थगन आणि रूढी

ग्रीक संशयवादाचा विचार आपल्याकडे बहुधा ज्ञानमीमांसेतील एक प्रकरण म्हणून केला जातो. सेक्स्टस एम्पिरिकसच्या लेखी मात्र ती एक जीवनरीती होती. तिची मूळ भूमिका महाडजवळील सव या गावच्या उष्णोदकाच्या झऱ्यांवरून सहज उमगते. पाणी ऊन लागते, हे संशयवादी नाकारीत नाही. त्याने त्वचारोग बरे होतात काय, होत असल्यास दैवी सामर्थ्याने की अन्य कारणाने, अशा प्रतीतीपलीकडच्या विधानांचे साधकबाधक पुरावे तुल्यबळ दिसले की तो निर्णय स्थगित करतो; त्यातून चित्तास अक्षोभ लाभतो, असे तो सांगतो. (सेक्स्टस स्वतः वैद्य होता, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.) इथवर आक्षेपास फारशी जागा नाही.

परंतु निर्णय न करता जगावे कसे? सेक्स्टस चार आधार देतो: निसर्गदत्त बुद्धी व इंद्रिये, भूक-तहानेसारख्या प्रेरणा, रूढ नियम व परंपरा, आणि कलांचे शिक्षण. हे आधार परस्परांविरुद्ध उभे राहिले तर काय, हा प्रश्न त्याने सोडविलेला नाही. आणि महाडच्या चवदार तळ्यावर नेमका तोच उपस्थित झाला. १९२४ साली नगरपालिकेने तळे अस्पृश्यांस खुले केले, तरी वहिवाट बदलली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथील पाणी प्याले. डिसेंबरात दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हक्काचा निर्णय झालेला नव्हता, केवळ स्थगित होता. परंतु ज्यांस पाणी नाकारले होते त्यांच्यापुरता या स्थगितीचा परिणाम प्रतिकूल निकालाहून निराळा नव्हता.

संशयवादाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दाव्याचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात लागला, तो बहिष्काराची रूढी अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून. पुराव्याची ही मागणी संशयवाद्यास शोभेशीच आहे. रूढींची परस्परविसंगती दाखवून निर्णय स्थगित करणे ही तर त्यांच्या दहा युक्तिवादांपैकी एक युक्ती. मग आचरणासाठी पुन्हा त्याच रूढीचा आधार का घ्यावा?

तहानेचा आधारही येथे अपुरा पडतो. हा लढा केवळ पाण्यासाठी नसून समतेचा दंडक घालण्यासाठी आहे, असे डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकरांनी स्पष्ट केले होते. असे विधान मताग्रहाशिवाय करता येत नाही. आणि सेक्स्टसच्या चार आधारांत त्यास कोठेही स्थान नाही.