झीलकऱ्यांची नावे

भीमगीतांवर लिहिताना आपण बहुतेक सारे कवीपाशी थांबतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी कागदावर वाचायची, आशय सांगायचा, प्रतिमा मोजायच्या. फार तर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाला एक परिच्छेद. ही समीक्षा मला अर्धीच वाटते.

घाटकोपर-मुलुंडकडच्या वस्त्यांत भीमजयंतीच्या दिवसांत गायन पार्टी बसते तेव्हा चिठ्ठ्या येतात. चिठ्ठीत कवीचे नाव क्वचितच असते. लोक गाणे मागतात ते ध्रुपदाच्या शब्दांनी, म्हणजे नेमक्या त्या ओळीने जी कोरस उचलतो. मुख्य गायक कडवे एकट्याने चढवत नेतो, शेवटचा शब्द हवेत सोडतो. मागचे तिघे-चौघे तो झेलतात आणि त्यांच्याबरोबर सारा मांडव. कागदावर जी पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, ती इथे श्रोत्यांसाठी ठेवलेली जागा असते. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचे हेच काम, आंबेडकरी जलशात आले ते तिथूनच. पुढे कव्वालीने त्याला टाळीची जोड दिली.

पण गंमत पाहा. वामनदादांचे नाव अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात गुंफलेले असते. गायकाचा फोटो कॅसेटवर असतो. दहाची नोट जोडून चिठ्ठी पाठवणाऱ्याचे नावसुद्धा माइकवरून पुकारले जाते. झीलकऱ्याचे नाव मात्र कुठेच नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या ‘द टेम्प्टेशन्स’ या कृष्णवर्णीय गायकांच्या संचाचे चाहते आवडती गाणी सांगताना डेव्हिड रफिन थोर की एडी केंड्रिक्स, यावर भांडतात. खर्जातला मेल्विन फ्रँकलिनही त्यांना नावाने ठाऊक असतो. तिथे मागचा आवाज हा ‘मागचा’ नसतो. त्यामागे मोटाउनसारखी कंपनी होती, हे खरे. पण नावे टिपून ठेवायला कंपनी लागत नाही. वही पुरते.

मुलुंडचे शाहीर विलास घोगरे आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि चार दिवसांनी घोगरेंनी स्वतःला संपवले. ‘जय भीम कॉम्रेड’मुळे (२०११) त्यांचे नाव मुंबईबाहेरही पोहोचले. त्यांच्या गाण्याची आठवण काढणारे मला भेटतात. त्यांना साथ कोणाची असायची, असे विचारले की आठवतो तो एखादा उंच आवाज, एखाद्याची टाळी, एखाद्याचे घर कुठल्या गल्लीत होते ते.

त्या पिढीचे साथीदार आज साठी-सत्तरीत आहेत. म्हणून हल्ली मी कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळल्या जात असताना वही काढतो. सुरुवात ढोलकवाल्यापासून करतो. तो सर्वांना ओळखतो, शिवाय आधी कोण कोणाच्या पार्टीत होते हेही त्यालाच माहीत असते.